उद्घाटनानंतरचा आवाज

अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, एमआयटीला लागूनच, केंडल नावाचं भुयारी स्थानक आहे. तिथे रेड लाइन या रेल्वेमार्गाच्या येण्या-जाण्याच्या रुळांच्या मधोमध ॲल्युमिनियमच्या सोळा नळ्या टांगलेल्या आहेत आणि त्यांच्या अधेमधे सागवानी हातोडे. फलाटाच्या भिंतीला दांडा बसवलेला आहे. तो मागे-पुढे ओढला की हातोडे झुलू लागतात. पहिल्या ओढीला काहीच वाजत नाही, दुसऱ्या ओढीलाही नाही. ओढणाऱ्याला हातोड्यांचा झोका ओळखावा लागतो. त्या लयीत हात पडू लागला की झोका वाढत जातो, हातोडे नळ्यांना भिडतात आणि फलाटावर घंटांचा दीर्घ नाद पसरतो. दांडे दोन्ही फलाटांवर आहेत, त्यामुळे परस्परविरुद्ध दिशांना निघालेल्या दोन अनोळखी माणसांना गाडी येईपर्यंत एकमेकांच्या साथीने वाजवता येतं.

'केंडल बँड' ही पॉल मातिस यांची कृती 1987 सालची आहे. पॉल हे चित्रकार आंरी मातिस यांचे नातू. नळ्यांच्या भागाला त्यांनी 'पायथागोरस' असं नाव दिलं. शेजारी 'केप्लर' आहे, म्हणजे सुमारे 57 किलो वजनाचं ॲल्युमिनियमचं कडं. त्यावर हातोडा पडला की त्याचा गुंजारव कितीतरी वेळ विरत नाही. 'गॅलिलिओ' हा पोलादाचा मोठा पत्रा, हलवला की ढगांसारखा गडगडतो. यात वीज नाही, संवेदक नाही, संगणक नाही. सगळं काम वजनाचं, लांबीचं आणि झोक्याचं.

या कृतीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दांडे तुटत राहिले. रोज हजारो माणसं जिथून जातात, तिथे कुणी हलक्या हाताने ओढतो, कुणी सगळी ताकद लावतो, शाळेची पोरं लोंबकळतात. धातू थकतो, सांधे सैल होतात. मातिस स्वतः वर्षानुवर्षं येऊन दुरुस्ती करत राहिले. पुढे त्यांच्या वयाला ते झेपेना आणि वाद्य मुकं पडू लागलं, तेव्हा 2010 च्या सुमारास एमआयटीतल्या विद्यार्थ्यांनी आणि तिथल्या शिक्षकांनी दांडे सोडवून नेले, त्यांची रचना तपासली, नव्याने घडवून परत बसवले. वाद्य पुन्हा वाजलं ते या लोकांमुळे.

लोकांनी हात लावून वाजवायची ध्वनिकृती उद्घाटनाच्या दिवशी अर्धीच तयार झालेली असते. उरलेली अर्धी घडते ती तिच्या दुरुस्तीत. हा विचार कागदावरच्या पहिल्या रेघेपासून करावा लागतो आणि आपल्या शहरांमध्ये तो जवळजवळ कुठेच होत नाही. गेल्या काही वर्षांत सुशोभीकरणाच्या प्रस्तावांत 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. पायऱ्यांवर पाय पडला की सूर निघावेत, भिंतीला स्पर्श केला की तबला वाजावा, बाकावर बसलं की पक्षी बोलावेत. कल्पना चांगल्या आहेत आणि मला त्या मनापासून हव्या आहेत. आपल्या चौकांत हॉर्न आणि डीजे सोडून दुसरा आवाज ऐकू यायला हवा, तो लोकांच्या हातून निघायला हवा. म्हणूनच अशा कृती कशा बनतात आणि कशा मरतात, हे नीट पाहायला हवं.

पहिला प्रश्न हाताचा. माणसाने काही केलं आणि ध्वनी निघाला, तर तो आपल्यामुळे निघाला हे त्याला त्याच क्षणी कळलं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक रचनेत संवेदक, संगणक, ध्वनिवर्धक अशा साखळीत डोळ्याची पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी वाजवण्याचं सुख निघून जातं. माणूस एकदा थापटतो, दोनदा थापटतो आणि निघून जातो. केंडलमध्ये उशीर कितीतरी मोठा आहे, पण तिथे हातोडा झुलताना डोळ्यांना दिसतो. कारण दिसत असलं की माणूस थांबायला तयार असतो. पडद्यामागे लपवलेल्या यंत्राला ही सवलत मिळत नाही.

मग सुरांचा प्रश्न. रस्त्यावरचा माणूस शिकलेला नसतो आणि त्याने शिकलेलं असावं अशी अट घालणं चूक आहे. जगभरातल्या बागांमधली बहुतेक सार्वजनिक वाद्यं म्हणून पाच सुरांवर जुळवलेली असतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर भूपाचे सा, रे, ग, प, ध. कोणताही सूर कोणत्याही सुरानंतर आला, दहा मुलांनी दहा बाजूंनी एकदम बडवलं, तरी कानाला खुपत नाही. ही सोय मोठी आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. काहीही केलं तरी गोडच वाजणार असेल, तर नीट ऐकण्याचं कारण उरत नाही. पाच मिनिटांत कुतूहल संपतं. चुकण्याला जागा नको, हे बरोबर. पण शोधण्यासारखं काहीतरी उरलं पाहिजे.

हे गणित मला सर्वात चांगलं सुटलेलं दिसतं ते कॅनडातल्या माँट्रिऑलमध्ये. 2011 च्या वसंतात तिथल्या 'कार्तिए दे स्पेक्ताक्ल' या कलांच्या पेठेत एकवीस झोके बसवले गेले. 'डेली तू ले जूर' या संस्थेच्या मूना अँद्राओस आणि मेलिसा माँज्या यांची ही कल्पना. प्रत्येक झोका हलला की आपला सूर काढतो. एकटा माणूस झुलला तर एकट्याचे सूर ऐकतो. शेजारच्या झोक्याशी त्याची लय जुळली की मात्र नव्या सुरावटी उमलतात, ज्या एकट्याला कितीही जोरात झुलून मिळत नाहीत. संगीत रदवान गाझी मूमनेह यांचं होतं आणि सहकार्याचं वर्तन समजून घेण्यासाठी ल्यूक-आलँ जिराल्दो या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाची मदत घेतली होती. एका झोक्यावर आजी, शेजारी कचेरीतून निघालेला तरुण, पलीकडे शाळेतली मुलगी. तिघांनाही कुणी सूचना दिलेली नाही, पण कान त्यांना एका तालात आणतो. झोका कसा घ्यायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही, हे त्या रचनेचं मोठं शहाणपण. फलक वाचूनच वापरता येणारी सार्वजनिक कृती माझ्या मते निम्मी फसलेली असते. त्या झोक्यांची पुढची गोष्टही सांगायला हवी: ते पुढची काही वर्षं वसंतात पुन्हा येत राहिले. शहराने त्यांना पाहुण्याऐवजी घरचं मानलं.

याउलट 2009 मध्ये स्टॉकहोमच्या ओडेनप्लान स्थानकात एका मोटार कंपनीच्या मोहिमेसाठी जिन्याला पियानोच्या पट्ट्यांचं रूप दिलं गेलं. त्याची चित्रफीत जगभर फिरली, अजून फिरते, आणि आपल्याकडचे अनेक प्रस्ताव तिच्याच प्रेरणेने लिहिले जातात. तो जिना जाहिरातीपुरता होता. थोड्या काळाच्या आकर्षणाची मोजमापं कायमस्वरूपी कामाला लावणं ही गफलत आहे. ज्या जिन्यावरून माणूस वर्षातले तीनशे दिवस कामावर जातो, तिथला सूर तीनशेव्या दिवशीही त्याला सोसवला पाहिजे.

इथे शेजाऱ्याच्या कानाची गोष्ट येते, जी आराखड्यांतून हमखास सुटते. वाजवणारा दहा मिनिटं थांबून जातो. समोरचा चांभार, फुलवाली, बँकेचा पहारेकरी, पहिल्या मजल्यावरचे आजारी आजोबा दिवसभर तिथेच असतात. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल आहे. ती पाळणं अवघड नाही, फक्त ध्वनिवर्धक कुठे ठेवायचा हे ठरवताना अक्कल लागते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की एका लहान ध्वनिवर्धकाचा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. ध्वनिवर्धकापासून एक मीटरवर, वाजवणाऱ्याच्या कानाशी, 60 डेसिबल ठेवले, तर आठ मीटरवर ते बेचाळीसच्या आसपास येतात, म्हणजे रहदारीत विरून जातात. उलट खांबावर एकच मोठा कर्णा लावून आठ मीटरवर 60 हवेत म्हटलं, तर त्याच्यापासून एक मीटरवर अठ्ठ्याहत्तर होतात आणि सगळी गल्ली हैराण होते. आपल्याकडे खांबावरचा कर्णा लावायची सवय फार खोल गेली आहे. कृती जितकी जवळ जाऊन ऐकावी लागेल, तितकी ती शहराला प्रिय होईल, असं मला वाटतं.

पावसाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. निविदेत 'आयपी 65' दर्जाची पेटी लिहिली की काम झालं असं समजतात. त्यातला सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, पाच म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. पण मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या जुलैत पाणी फवाऱ्याने येतच नाही, ते हवेतून येतं. दिवसा तापलेली पेटी रात्री थंड झाली की दमट हवा आत ओढते आणि सर्किटवर दव साचतं. मुंग्या आणि पाली उबेला येतात. खारी हवा साध्या स्क्रूंना वर्षभरात खाते. तांब्याची वायर आणि ॲल्युमिनियमची नळी भंगारात विकली जाते, म्हणून ती कापून नेली जाते. जो कलाकार या गोष्टींचा विचार रेखाटनातच करत नाही, त्याला सार्वजनिक जागेचं काम देऊ नये, मग त्याची कल्पना कितीही सुंदर असो.

हे सगळं आपल्याला नवीन नाही. देवळातली घंटा ही हात लावून वाजवायची सार्वजनिक ध्वनिकृतीच आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकर, वाईजवळची मेणवली, नाशिकचं नारोशंकराचं देऊळ ही त्यांची ठाणी. मनोऱ्यावर दोरीने वाजवण्यासाठी ओतलेल्या घंटा लोकांच्या हातांच्या टप्प्यात आल्या. अडीच शतकांहून जास्त काळ त्या टिकल्या, याचं एक कारण ओतकाम. दुसरं कारण गुरव आणि पुजारी. साखळी झिजली की ती बदलणारं, लोलक सैल झाला की तो बांधणारं माणूस रोज तिथे होतं, त्याचा चरितार्थ त्या जागेवर होता. आपल्या शहरी ध्वनिकृतींना हा गुरवच नेमलेला नसतो.

महोत्सव ही वेगळी गोष्ट आहे. मुंबईत 1999 पासून भरणारा काळा घोडा महोत्सव किंवा पणजीतला सेरेंडिपिटी महोत्सव यांनी आपल्या लोकांना हात लावायच्या कलेची चव दिली, हे त्यांचं ऋण मी मानतो. पण तिथल्या कृतीजवळ स्वयंसेवक उभा असतो, रात्री पडदा टाकला जातो, आठवडा-दीड आठवड्यात मांडव उतरतो. तीच कृती चौकात कायमची उभी करायची तर ती मुळापासून पुन्हा रचावी लागते. महोत्सवातलं मांडकाम उचलून उद्यानात ठेवल्याने त्याची सार्वजनिक कला होत नाही.

देखभालीचा प्रश्न फक्त आपल्या पालिकांचा आहे असंही नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, ब्रॉडवेवरच्या एका पादचारी बेटावर, जाळीखालून घुमणारा ध्वनी मॅक्स न्यूहाउस यांनी 1977 मध्ये बसवला. मोठी घंटा वाजून गेल्यावर मागे उरणाऱ्या गुंजनासारखा तो वाटतो. तिथे हात लावायचं काही नाही, पाटीसुद्धा नाही. त्या जाळीवर पाय ठेवणाऱ्यालाच तो सापडतो. तो 1992 मध्ये बंद झाला. कलाकार युरोपात आणि जमिनीखालच्या यंत्रणेला सांभाळणारी संस्था कुठलीच नाही, अशी परिस्थिती होती. 2002 मध्ये तो पुन्हा सुरू झाला, कारण 'डिया आर्ट फाउंडेशन'ने त्याची जबाबदारी उचलली, आणि तेव्हापासून तो रात्रंदिवस चालू आहे. मधली दहा वर्षं जगातल्या सर्वात श्रीमंत शहरांपैकी एकाच्या मध्यभागी तो गप्प होता. पैशाची कमतरता नव्हती, जबाबदारी कुणाच्या नावावर नव्हती.

आपल्याकडे कंत्राटदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा दोषदायित्व कालावधी संपला की कृती कुणाचीच राहत नाही. उद्यान विभाग म्हणतो विद्युत विभागाकडे जा, विद्युत विभाग म्हणतो आमच्या यादीत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. ध्वनिकृतीच्या प्रत्येक निविदेत उभारणीच्या रकमेसोबत दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी दाखवावी आणि ती दुसऱ्या कामाला वळवता येऊ नये. सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतील असेच वापरावेत, संगणकाचा प्रोग्राम आणि नकाशे पालिकेच्या ताब्यात असावेत. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी किंवा आयटीआयशी करार करून तिथल्या मुलांकडे दर आठवड्याची तपासणी द्यावी. केंडलचं वाद्य ज्यांनी पुन्हा बोलतं केलं, त्यांतही अशीच मुलं होती. आणि कृतीवर एक फोन नंबर कोरलेला असावा, जो उचलला जातो.

पुण्यात अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवण्याची पद्धत 2006 पासून आहे. तुमच्या प्रभागात अशी एखादी कृती यावी असं वाटत असेल, तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी सूचना जरूर द्या, आणि तीत उभारणीच्या खर्चाखाली दुसऱ्या ओळीत ती सांभाळणाऱ्या माणसाचा पगारही मागा.