पहिले बूट कधी घ्यायचे?



गेल्या महिन्यात, चौदा महिन्यांची असताना, आमची चिऊ सोफा सोडून टीपॉयपर्यंत चार पावलं स्वतःहून चालली. घरात टाळ्या पडल्या, व्हिडिओ नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर गेला. त्याच संध्याकाळी आईने विषय काढला, "आता हिला चांगले कडक तळाचे बूट आणा. पाय बघ, अगदी सपाट आहेत. तुझेही असेच होते."

आई खरंच सांगत होती. आंघोळीनंतर शहाबादी फरशीवर चिऊच्या पावलांचे ओले ठसे उमटतात, त्यात मधली खाच कुठेच दिसत नाही. आणि माझे पायही तसेच होते. नव्वदच्या दशकात मला दोन वर्षं घोट्यापर्यंतचे जाड चामडी बूट घालावे लागले, आतून उंचवटा शिवलेले. गौलीगुड्याच्या जुन्या बस स्टँडचा तो भलामोठा लोखंडी घुमट (२०१८च्या जुलैमध्ये कोसळला तोच) ओलांडून बाबा मला खांद्यावर बसवून ते बूट करायला न्यायचे. त्या काळी ते महाग होते. आईने तेव्हा एक दिवाळी नवी साडी न घेता काढली, हे मला फार उशिरा कळलं.

त्यामुळे आईला सरळ "नको" म्हणणं सोपं नव्हतं. मी आधी आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी टेबलाच्या कडेवर एक खेळणं ठेवलं. ते घ्यायला चिऊने टाचा उचलल्या, आणि काय आश्चर्य, तळव्याला छान कमान आली! बाई म्हणाल्या, "पाय लवचीक आहे, दुखत नाही, दोन्हीकडे सारखाच आहे. काही करायचं नाही." लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, तिच्यामुळे कमान झाकलेली असते. अस्थिबंधही सैल असतात. कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू दिसू लागते, काहींची तर आठ-दहा वर्षांपर्यंत.

घरी येऊन मी वाचत बसलो. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांची खोड, पुरावा बघितल्याशिवाय झोप येत नाही. दोन अभ्यास मनात राहिले.

पहिला अमेरिकेतला, १९८९ साली प्रसिद्ध झालेला. एक ते सहा वर्षांच्या, सपाट पण लवचीक पायांच्या मुलांचे गट केले. काहींना खास बूट, काहींना बुटात बसवायचे साचे, काहींना काहीच नाही. किमान तीन वर्षांनंतर पाहिलं, तर सगळ्याच गटांतले पाय सुधारले होते आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे सुधारणा वयाची होती, बुटांची नव्हती.

दुसरा आपल्याकडचा. डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि निष्कर्ष १९९२ मध्ये छापले. पादत्राणं घालणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांचे पाय सपाट होते, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त, सँडल-चपलावाल्यांत त्याहून कमी. एका पाहणीवरून "बुटांनीच पाय बिघडतात" असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण कमान यायला बूट लागतात, हे तर नक्कीच खरं नाही.

मग कधी काय घालायचं? आमच्या घरात ठरलं ते असं:

चालायला लागेपर्यंत बूट नाहीतच. थंडी असेल तर मोजे, तेही तळाला रबरी ठिपके असलेले, नाहीतर गुळगुळीत फरशीवर घसरगुंडी ठरलेली.

घरात अनवाणी. मूल तळव्याने जमीन चाचपत, बोटं रोवत तोल शिकतं.

बाहेर स्वतःच्या पायांनी नीट चालू लागलं की बूट, आणि तेही संरक्षणासाठी. आमच्या गल्लीत काच, खिळे, गटाराचं पाणी आणि मे महिन्यात तापलेलं सिमेंट, सगळंच आहे. तळ पातळ आणि पुढच्या भागात, बोटांपाशी, हाताने सहज वाकणारा हवा. टाच धरून राहील, बोटं पसरतील, पुढे अंगठ्याएवढी जागा राहील, असा. बूट संध्याकाळी, मुलाला उभं करून घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी माप तपासा. कोवळा पाय आवळला तरी मूल रडेलच असं नाही.

कडक तळाची घाई नको. शाळेचे बूट येतील तेव्हा येतील, तेही वाकणारेच निवडा.

मात्र पाय दुखत असेल, ताठ असेल, एकच पाय वेगळा दिसत असेल, किंवा मूल अठरा महिन्यांपर्यंत चालत नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांवर केलेल्या पाहणीत मुलं साधारण आठव्या ते अठराव्या महिन्यादरम्यान स्वतः चालू लागली. त्यामुळे शेजारचा बंटी दहाव्या महिन्यात धावला म्हणून आपण घाबरायचं नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं तुला उगाच रडवलं का रे मी?"

याचं उत्तर मी वाचून आलो नव्हतो. म्हटलं, "तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते तू केलंस, पोटाला चिमटा काढून केलंस. आज डॉक्टर सांगतात ते मी करतोय. आपण दोघंही एकच काम करतोय." ती हसली नाही, पण चिऊला मांडीवर घेऊन तिच्या तळव्यांना तेल लावू लागली.

ते जुने बूट आईने माळ्यावर अजून जपून ठेवले आहेत. टाकून देऊ म्हटलं तर म्हणाली, "राहू दे, बाबांची आठवण आहे."

आता रोज संध्याकाळी गच्चीची उष्णता उतरली की आजी आणि नात दोघी अनवाणी फेऱ्या मारतात. ऑफिसमधून आलो की मीही मोजे काढून त्यांच्यात सामील होतो. तुमच्या घरी पहिल्या बुटांची काय गंमत झाली, नक्की कळवा. भेटू पुढच्या अंकात!