चारही चाकं फिरली म्हणून गाडी निघते का?

या वीकएंडचा विषय जरा वेगळा आहे. कोड नाही, फोन नाही, नवीन गॅजेट नाही. विषय आहे पिकअप. साधी, मागच्या दोन चाकांवर चालणारी, एमएच २१ पासिंगची, मोसंबीचे कॅरेट वाहणारी पिकअप. आणि तिला फोर बाय फोर करावं का, हा प्रश्न.

प्रश्न माझ्या आत्तेभावाचा. तो घनसावंगी तालुक्यात शेती करतो. जालन्याच्या मोसंबीला जीआय टॅग आहे हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. पण ती मोसंबी बागेतून डांबरी सडकेपर्यंत कशी येते हे कुणी लिहीत नाही. आंबे बहाराची फळं तोडायला येतात तेव्हा पावसाळा पुरता संपलेला नसतो. परतीचा पाऊस एकदा कोसळला की काळ्या रानातली गाडीवाट म्हणजे नुसता चिखल. व्यापारी म्हणतो आज माल भरा, आणि गाडी बागेपाशी जातच नाही. दादाचं म्हणणं सरळ आहे: "तू इंजिनेर हायेस ना, मग सांग की. जुन्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल टाकून देतो म्हणतोय मिस्तरी. निम्मे पैसे तू घाल."

(मी सॉफ्टवेअरवाला. पण गावाकडे इंजिनियर म्हणजे इंजिनियर, मोटार दुरुस्तीपासून मिक्सरपर्यंत सगळं आलं पाहिजे :) )

असो. माझं मत आधीच सांगून टाकतो: हे कन्व्हर्जन करू नये. का, ते बघा.

पहिल्यांदा काम किती आहे ते समजून घेऊ. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसवायची, म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून छोटा करायचा आणि पुढच्यासाठी नवीन बनवायचा. पुढे डिफरन्शियलवाला अ‍ॅक्सल टाकायचा. तो वरखाली होताना इंजिनच्या चेंबरला आपटू नये म्हणून गाडी उचलायची, पाटे बदलायचे, स्टिअरिंगचे रॉड नव्याने जुळवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचा रेशो एकच हवा. तो जुळला नाही तर फोर व्हील टाकल्यावर पुढची चाकं एक गती मागतात, मागची दुसरी, आणि भांडणाचा सगळा ताण ट्रान्सफर केसवर. चिखलात चाकं घसरतात म्हणून तो ताण निघून जातो. कडक रस्त्यावर काहीतरी तुटतं.

हे अशक्य अजिबात नाही. विलिज जीप १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी भारतात जोडायला घेतली, तेव्हापासून आपल्या मिस्तरींचे हात या सामानावर बसलेले आहेत. हरियाणातलं डबवाली तर मॉडिफाय केलेल्या जीपसाठीच प्रसिद्ध आहे. पण हौसेची जीप आणि पोटाची पिकअप यात फरक आहे. वाढलेलं वजन शंभर किलोच्या वर सहज जातं, म्हणजे प्रत्येक खेपेला चार-पाच कॅरेट माल कमी. वर्षातले पंधरा-वीस दिवस चिखलाचे, आणि हा भार मात्र तिनशे पासष्ट दिवस ओढायचा.

दुसरा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. दंड एकवेळ भरता येईल हो, पण उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. गाडीत मजूर बसलेले असतात, हे विसरू नका.

आता खरी गंमत. समजा हे सगळं केलं, तरी गाडी निघेल का? साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की एक चाक चिखलात घसरायला लागलं की दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. फोर बाय फोरमध्ये असे दोन डिफरन्शियल. पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की चारपैकी दोन चाकं गरागरा फिरतात आणि गाडी जागच्या जागी! उलट मागच्या अ‍ॅक्सलला लॉक होणारं डिफरन्शियल असेल तर दोन चाकांवरची गाडीसुद्धा बऱ्याच ठिकाणी निघते. शिवाय आपली काळी माती म्हणजे ओली झाली की फुगणारी, चिकटणारी चिकण. टायरच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत गोटा होतो. मग चार गुळगुळीत चाकं फिरवा नाहीतर दोन.

आमच्या धंद्यात याला एक ओळखीचं उदाहरण आहे. अ‍ॅप स्लो झालं की मॅनेजर म्हणतो मोठा सर्व्हर घ्या. आणि बघायला गेलं तर एक भिकार क्वेरी सगळं अडवून बसलेली असते. इथे ती क्वेरी म्हणजे पाणंद रस्ता.

दादाचं यावर उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. "गाडी बदलायला भावकीची सही लागत नाही. रस्त्याला लागती." खरंय. बांध कोरलेला, वाट अडवलेली, दोन पिढ्यांचा अबोला. ट्रान्सफर केस विकत मिळते, शेजाऱ्याची संमती मिळत नाही. म्हणूनच माणूस गाडीवर खर्च करायला तयार होतो.

पण मार्ग आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ बांधावरून रस्ता मागायचा अधिकार देतं, निर्णय तहसीलदार करतात. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. यातलं काहीही पटकन होत नाही, हे मलाही माहीत आहे. तोपर्यंत चांगल्या खाचांचे टायर, जमलं तर कंपनीकडून मिळणारं लॉकिंग डिफरन्शियल, आणि बाग ते सडक ट्रॅक्टर-ट्रॉली. दोनदा भराई होते, मजुरी वाढते, फळाला थोडा मार बसतो. तरी हे कन्व्हर्जनपेक्षा स्वस्त. आणि गाडी बदलायचीच वेळ आली तर कंपनीतून फोर बाय फोर म्हणून पासिंग झालेली जुनी पिकअप शोधावी. बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा यांच्यात तशी मॉडेल्स निघालेली आहेत.

आणखी एक. फोर बाय फोर चिखलातून गेली की मागे खोल चाकोऱ्या सोडते. आपण निघतो, मागचा बैलगाडीवाला अडकतो. त्याच वाटेवरून शाळेची पोरं जातात, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं. त्यांच्याकडे पिकअप नाही.

म्हणून मी दादाला कळवलंय: अ‍ॅक्सलसाठी पैसे नाही. तेवढेच पैसे मुरूम आणि जेसीबीसाठी घे, पण वाटेवरच्या सगळ्या घरांनी थोडे थोडे घातले तरच. तो चिडलाय. चिडू दे. आपल्यापैकी बरेच जण दर दिवाळीला गावाकडे पैसे पाठवतो, आणि ते आपल्याच माणसाच्या गाडीत, बोअरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये जातात. एकदा तरी ते अशा गोष्टीत घालून बघा, जी शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय होतच नाही.