धूर नको, थेंब पाहा

नोझल बारीक करत नेलं आणि पंपातून पांढरा धूर निघाला, की आपल्याला वाटतं, आता कसा छान फवारा बसतो! शेतकरी बंधूंनो, तो धूर पिकावर बसतच नाही. १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा थेंब दहा फुटांवरून खाली यायला ११ सेकंद घेतो. तेवढ्यात आपल्या चालीइतका मंद वाराही त्याला चाळीसेक फूट लांब नेतो.

चिमूरकडे धुऱ्याच्या अलीकडे धानाची बांधी आणि पलीकडे शेजाऱ्याची पऱ्हाटी, हे नेहमीचंच. बांधीत टू-फोर-डी तणनाशक मारलं आणि काही दिवसांनी पऱ्हाटीची नवी पानं भेंडीसारखी चिरलेली निघाली, तर बियाण्याला दोष देऊ नका. आणि जो धूर शेजाऱ्याकडे जातो, तो आधी पंप पाठीवर घेतलेल्याच्या नाकातोंडात जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे कारणं अनेक होती. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी आणि जोरदार पंप ही त्यातलीच.

थेंब मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याचा थेंब पडला की निळा डाग उमटवणारा पिवळा कागद मिळतो. तो कडेने धरा, घामाच्या बोटांनीही निळा होतो. दव वाळल्यावर एक तुकडा धानाच्या पानाला लावा, दुसरा खाली बुंध्याशी, कारण तपकिरी तुडतुडा तिथेच बसतो. साधं पाणी फवारा. कीटकनाशकाला चौरस सेंटिमीटरमागे २०-३० डाग पुरे. कागद सगळाच निळा झाला तर औषध ओघळून जातंय. वरचा निळा आणि खालचा पिवळाच राहिला, तर औषध बदलून काय होणार? पीक बाजूला सारून नळी खाली घाला. कागद नाही मिळाला तर पाण्यात नीळ कालवा आणि पांढरा कागद वापरा. अगदी बारीक थेंब त्यावर दिसणार नाहीत, पण बुंध्याशी पोचलं की नाही, एवढं कळेल.

नोझल झिजलंय का, तेही बघा. एक मिनिट मापात पाणी धरा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त आलं तर ते फेका. तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, जुना दातांचा ब्रश चालतो. तणनाशकाला चपटा फवारा देणारं नोझल लावा आणि दाब कमी ठेवा, कारण दाब वाढला की थेंब बारीक होतात.

यंदा औषध आणायला जाल तेव्हा एक नवं नोझलही घेऊन या, आणि तो डाग पडलेला कागद फवारणाऱ्या मजुरालाही दाखवा.