आधी इको, मग गुणसूत्रांची तपासणी

दूध ओढताना बाळ धापा टाकतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. घरात म्हणतात, नजर लागली. पण ही हृदयाला छिद्र असल्याची खूण असू शकते.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. डाउन सिंड्रोममध्ये २१ नंबरचं एक जास्तीचं येतं आणि अशा जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. त्याहून दुर्मीळ प्रकार म्हणजे गुणसूत्राचा छोटा तुकडाच दुप्पट होणं. ८ नंबरच्या गुणसूत्राच्या अशा एका तुकड्यात हृदय घडवणारं जनुक असतं, तर २२ नंबरच्या एका तुकड्यामुळेही काही मुलांच्या हृदयात दोष राहतो. हा तुकडा कधी आई किंवा बापाकडून येतो (त्यांना स्वतःला काही त्रास नसतोही), कधी नव्यानेच दुप्पट होतो. ग्रहणात भाजी चिरल्यामुळे नाही. सुनेला बोल लावणं थांबवा.

आमचं म्हणणं एवढंच, की गुणसूत्रांच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. ती तपासणी महाग, रिपोर्टला काही आठवडे लागतात. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, दुखणं नाही. डॉक्टरांनी गुणसूत्रदोषाची शंका काढली की इको लगेच करून घ्या. काही छिद्रं आपोआप बुजतात. मोठं छिद्र मात्र फुफ्फुसात जादा रक्त ढकलत राहतं, तिथल्या रक्तवाहिन्या कडक होतात, आणि मग ऑपरेशनची वेळच निघून जाते.

“हे मूल तसंही मंदच राहणार, ऑपरेशन कशाला?” हे आम्ही दवाखान्यातही ऐकलंय, नातेवाइकांकडूनही. मंद मुलाला दम लागत नाही का? हे ऐकून गप्प परत येऊ नका, दुसऱ्या हृदयतज्ज्ञाला दाखवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, सरकारी शाळेत एकदा. जन्मजात हृदयविकार त्यांच्या यादीत आहे. पण आपण नेमकं हेच मूल घरी ठेवतो, लोक बघतील म्हणून! पथक कधी येणार ते सेविकाताईंना विचारा आणि त्या दिवशी मुलाला कडेवर घेऊन जा. ऑपरेशन ठरलं तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि इकोचा मूळ रिपोर्ट सोबत असू द्या.