उतराई आणि मिंधेपण

मराठीत कृतज्ञतेसाठी शब्दांची वाण नाही. आभार आहे, उपकार आहे, ऋण आहे, उतराई आहे; आणि या साऱ्यांच्या सावलीत उभा असलेला एक बोचरा शब्दही आहे, मिंधा. तरीही आमच्या कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठच्या गावांत, घरातल्या घरात कुणी कुणाचे आभार मानताना सहसा ऐकू येत नाही. आईने भाकरी वाढली म्हणून तिला 'धन्यवाद' म्हणणारा मुलगा मुरगूडमध्ये थट्टेचा विषय होईल. शेजारी आपल्या रानात एक दिवस राबला, तर आपण एक दिवस त्याच्या रानात राबायला जायचे. याला पैरा म्हणतात, आणि पैरा फेडला की आभाराला काम उरत नाही. कृतज्ञता बोलून संपत नाही, ती करून फेडावी लागते, हे शहाणपण या मातीत जुने आहे.

अलीकडे मात्र आमच्या पिढीकडून वेगळीच कृतज्ञता मागितली जाते. 'आजची पोरं कृतघ्न आहेत' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्याचा राग येत नाही; कुतूहल वाटते. हे वाक्य बहुधा कोण म्हणते? ज्यांनी आमच्यासाठी खरोखर हाडांची काडे केली त्यांच्या तोंडी ते क्वचितच असते. आई म्हणत नाही, वस्ताद म्हणत नाही, पहिलीला अक्षर गिरवून घेणाऱ्या बाई म्हणत नाहीत. म्हणतात ते बहुधा फलकावर ज्यांचा फोटो असतो ते. एखाद्या मुलाने किंवा मुलीने नाव काढले की गावात फलक लागतो. त्यावर यशस्वी पोराचा चेहरा एका कोपऱ्यात, आणि अभिनंदन करणाऱ्यांचे चेहरे त्याच्या दुप्पट. फलक अभिनंदनाचा असतो खरा, पण वाचणाऱ्याला कळायचे ते कळते. तुझ्या यशाचे धनी आम्ही आहोत, ही ती सूचना असते.

उतराई आणि मिंधेपण या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि तरुणांनी त्यांतला भेद लवकर ओळखला पाहिजे, एवढेच आम्हांला या लेखात म्हणायचे आहे. हा भेद समजून घ्यायला कुस्तीइतके चांगले क्षेत्र आमच्या जिल्ह्यात दुसरे नाही.

मुरगूडला कुस्तीचे वेड आहे, हे सांगण्यात नवल नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाबद्दल ते म्हणता येईल. मुरगूडचे वेगळेपण असे की येथील मंडलिक आखाड्यात मुली कुस्ती शिकतात, आणि मुलींच्या कुस्तीसाठीच हा आखाडा ओळखला जातो. पिढ्यान्‌पिढ्या तालमीचा उंबरा हा फक्त पुरुषांचा होता. त्या उंबऱ्यावरून मुली आत आल्या, त्यामागे वस्तादांचे धाडस आहे, घरच्यांची जिद्द आहे, आणि एक दूरचे कारणही आहे: २००४ साली अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या कुस्तीला प्रथमच स्थान मिळाले. जगाच्या एका टोकाला कुणीतरी एक निर्णय घेतो आणि काही वर्षांनी वेदगंगेच्या काठची एखादी मुलगी पहाटे पाचला जोर मारायला उठते. जागतिक घडामोडी म्हणजे वर्तमानपत्राचे आतले पान, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी या मुलीकडे एकदा पाहावे.

पण आमच्या जिल्ह्याचा आणि ऑलिम्पिकचा संबंध याहून जुना आहे, आणि कृतज्ञतेचा सर्वांत स्वच्छ धडा त्या जुन्या प्रकरणातच आहे.

खाशाबा जाधव हे सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला ते गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला, आणि खाशाबांनी सहावे स्थान मिळवले. पुढचे ऑलिम्पिक १९५२ साली हेलसिंकीला होते. मधल्या चार वर्षांत एक मोठी गोष्ट घडली होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला, आणि त्याची जागा घ्यायला लोकशाही सरकार अजून पुरते सावरलेले नव्हते. विलीनीकरण योग्यच होते. परंतु एका मल्लाच्या प्रवासखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर तो काळ म्हणजे दोन छपरांमधली उघडी जागा होती. ती जागा माणसांनी भरून काढली. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

सात हजार रुपये ही १९५२ साली नोकरदार माणसाची आयुष्यभराची पुंजी असू शकत होती. प्राचार्यांना या व्यवहारातून काय मिळणार होते? हेलसिंकीत पदक मिळेल याची हमी नव्हती. मिळाले असते तरी ते त्यांच्या घरी येणार नव्हते. याला आम्ही प्रेम म्हणतो. प्रेम हा शब्द आमच्या वयाच्या मंडळींनी फार स्वस्त करून ठेवला आहे, हा आरोप आम्हांला मान्य आहे. पण या शब्दाचे वजन समजावून घ्यायचे असेल तर गहाणखतावरच्या त्या सहीची आठवण ठेवावी. जे प्रेम करते ते हिशेब ठेवत नाही.

हिशेब ठेवायचा तो घेणाऱ्याने. खाशाबांनी तो ठेवला. बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन ते परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, सत्कार झाले. त्यानंतर खाशाबांनी जे केले ते आम्हांला पदकाइतकेच मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

उतराई म्हणजे काय, हे याहून सोपे करून सांगता येणार नाही. खाशाबांनी खर्डेकरांचे पाय धरले असतील, सभेत त्यांचे नाव घेतले असेल. ते सारे योग्यच. पण घर सुटले ते घामाने. जे अंग हेलसिंकीत झिजले तेच पुन्हा कोल्हापूरच्या मातीत झिजले. या व्यवहाराच्या शेवटी देणारा आणि घेणारा दोघेही मान वर करून उभे राहिले. देणाऱ्याचे घर परत आले, घेणाऱ्याच्या मानेवरचे ओझे उतरले, आणि दोघांमधला स्नेह तेवढा शिल्लक राहिला. जी कृतज्ञता माणसाला ताठ उभे करते ती उतराई, आणि जी त्याला कायमची वाकवून ठेवते ते मिंधेपण. दोन्ही बाहेरून एकसारखी दिसतात. दोन्हींत नमस्कार असतो. म्हणूनच फसगत होते.

व्यक्तींनी आपले देणे असे फेडले. देशाने काय केले? १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. हे सारे चांगले आहे, पण सारे उशिरा आले. ज्या सत्तेला तरुणांकडून कृतज्ञतेची घाई असते, तिला स्वतःचे देणे फेडताना कधी घाई होत नाही, असा अनुभव या एका चरित्रातून येतो.

आता २०२३ सालाकडे येऊ. त्या वर्षी १५ जानेवारीला गूगलने आपल्या मुखपृष्ठावर खाशाबांचे चित्र लावून त्यांना मानवंदना दिली. बरोबर तीन दिवसांनी, १८ जानेवारीला, दिल्लीच्या जंतरमंतरवर विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि इतर मल्ल धरण्यावर बसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. अध्यक्षांनी ते नाकारले. पुढे मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांच्यावर आरोप निश्चित केले. निवाडा न्यायालयाचा, त्याविषयी आम्ही बोलणार नाही. आम्हांला बोलायचे आहे ते त्या काळात सर्वत्र ऐकू आलेल्या एका युक्तिवादाविषयी. 'देशाने यांच्यावर एवढा खर्च केला, नोकऱ्या दिल्या, बक्षिसे दिली, आणि हे रस्त्यावर बसतात!' पारावर, चहाच्या गाड्यावर, दूरचित्रवाणीवर, सगळीकडे हेच. २८ मे २०२३ रोजी या मल्लांना पोलिसांनी रस्त्यावरून उचलून नेले, आणि दोन दिवसांनी ते आपली पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेले, तेव्हाही हाच सूर होता.

या युक्तिवादातली मेख अशी की त्यात कृतज्ञता म्हणजे गप्प राहण्याची किंमत ठरते. तुला अमुक दिले, म्हणून तू तमुक विचारायचे नाही. ही पैऱ्याची रीत नाही. ही सावकाराची रीत आहे. खर्डेकरांनी घर गहाण टाकले म्हणून खाशाबांनी आयुष्यभर त्यांच्यापुढे तोंड उघडायचे नाही, असे कुणी म्हटले असते तर सर्वांत आधी खर्डेकरच हसले असते, असे आम्हांला वाटते. शिवाय देशाने खर्च केला म्हणजे कुणी केला? करांतून आलेला पैसा हा कुणा पदाधिकाऱ्याच्या खिशातला नव्हे. त्यात उसाच्या फडात राबणाऱ्या बाईचाही वाटा आहे. मल्लाने ऋणी राहायचे ते तिचे. आणि त्या ऋणाची उतराई म्हणून, तिच्या मुलीला उद्या आखाड्यात निर्भयपणे पाऊल टाकता यावे, यासाठी तोंड उघडणे हे तर कृतज्ञतेचेच काम झाले.

मुरगूडच्या आखाड्यातल्या मुलींनी त्या दिवसांत काय विचार केला असेल, हे आम्ही त्यांच्या वतीने सांगणार नाही. पण आपल्या पोरीला आखाड्यात पाठवणाऱ्या प्रत्येक घरात तो प्रश्न जंतरमंतरवरून थेट चुलीपर्यंत आला असणार, याविषयी आम्हांला शंका नाही.

पुढचे वर्ष पॅरिसचे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, आणि आमच्या भागात गुलाल उडाला. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी मराठी मातीला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले होते. त्यानंतर आठवडा उलटण्याआधीच, ६ ऑगस्टला, विनेशने जपानच्या युई सुसाकीला हरवले; तोवर आंतरराष्ट्रीय मैदानात सुसाकी अपराजित होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंतिम फेरीआधी विनेशचे वजन शंभर ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. रात्रभर तिने वजन उतरवण्यासाठी धडपड केली होती, केससुद्धा कापले होते.

एकाच आठवड्यातल्या या दोन बातम्या आम्ही शेजारी ठेवून पाहतो. एका प्रयत्नाला फळ आले, दुसऱ्याला आले नाही. प्रयत्नांती परमेश्वर ही म्हण आम्हांला शाळेत शिकवली; पण परमेश्वर कधीकधी शंभर ग्रॅमने हुकतो, हे आम्हांला जगाने शिकवले. मग प्रयत्न करायचा तो कशासाठी? आमच्या मते उत्तर पुन्हा उतराईपाशीच येते. यश आपल्या हाती नाही. ज्यांनी आपल्यासाठी झीज सोसली त्यांच्या झिजेला साजेसे राबणे मात्र आपल्या हाती आहे. ज्या वस्तादाने अंगाला माती लावली, ज्या बापाने दुधाचा रतीब विकायचा थांबवून ते पोरीच्या खुराकाला ठेवले, त्यांचे देणे पदकाने फिटत नाही आणि पदक हुकल्याने बुडतही नाही. ते रोजच्या पहाटे थोडेथोडे फिटत असते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. प्रत्येकाने असा निवाडा करत बसायचे, की हा माझा खरा उपकारकर्ता आणि हा खोटा, तर समाजातला साधा आदरसुद्धा उरणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. संस्थाही लागतात, पुढारीही लागतात. शाळा, आखाडे, तलाव एकट्यादुकट्याच्या प्रेमातून उभे राहत नाहीत. मुरगूडचा तलाव सर पिराजीरावांच्या नावाने ओळखला जातो, आणि ते नाव घेताना आमच्या मनात किंतु येत नाही. पण ज्यांनी त्या तलावाची माती डोक्यावर वाहिली त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत, याचीही आठवण त्याच श्वासात यावी. आदर काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. तो सर्व भागीदारांत नीट वाटला जावा, एवढेच म्हणतो.

अनेक देणी अशी असतात की ज्याचे घेतले त्याला परत करण्याची सोयच नसते. तलाव खोदणारे गेले. खर्डेकर गेले, खाशाबाही गेले. अशी देणी पुढच्याला फेडायची. आज आखाड्यात नव्याने आलेल्या पोरीला लंगडी घालायला शिकवणारी थोरली मुलगी हेच करत असते, आणि तिच्या भीतीला कुणी हात घालू लागला तर आवाज चढवणारी मल्लही हेच करत असते. आमच्या पिढीला कृतज्ञता शिकवायची असेल तर ती अवश्य शिकवावी. आम्ही ती शिकायला तयार आहोत. फक्त ती शिकवताना गहाण पडलेल्या त्या घराची गोष्ट पुरी सांगावी. घर गहाण टाकले तिथपर्यंत ती थांबवू नये; ते सोडवून कसे आणले, तेही सांगावे.