न वाजणारा टॅपेट



नवी मोटार घरात आली म्हणजे ती प्रथम चर्चच्या आवारात येते. झेंडूचा हार, पवित्र पाण्याचे शिंपण, आरशाला अडकवलेली जपमाळ, सारे यथासांग होते आणि ते व्हावेही. परंतु दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी आशीर्वादासाठी घेऊन आलेले कुटुंब अद्याप माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक आशीर्वादाची, आणि त्याहून मेस्त्रीच्या हाताची, खरी गरज तिलाच असते. बेळगाव-खानापूर भागातील आपली पुष्कळ मंडळी ३ डिसेंबरच्या सणाला चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्यास जातात, आणि काही तर सप्टेंबरच्या सणासाठी थेट वेलांकणीचा पल्ला गाठतात. चौघांच्या गाडीत सहाजण, शिवाय टपावर बोचकी. रात्री-अपरात्री बाळंतिणीला इस्पितळात न्यायचे झाले तरी वाडीत तीच एक गाडी. म्हणून आज थोडे इंजिनाविषयी.

आपल्याकडे अजून दिसणाऱ्या मारुती ८००चेच उदाहरण घेऊ. ही गाडी १९८३ साली निघाली व २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तशाच इंजिनाची ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात, एक हवा-पेट्रोल आत घेणारी आणि दुसरी जळालेला वायू बाहेर सोडणारी. इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा उघडते व मिटते. तिला उघडणाऱ्या रॉकरच्या स्क्रूमध्ये आणि झडपेच्या दांड्यामध्ये वहीचे एक-दोन कागद मावतील एवढीच फट ठेवलेली असते. धातू तापला की वाढतो, त्या वाढीसाठी ही जागा. तिचे नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

येथेच पुष्कळांची समजूत उलटी असते. फट वाढली की ‘टक् टक्’ असा आवाज येतो, मालक घाबरतो व गाडी मेस्त्रीकडे नेतो. हा आवाज चांगला नव्हे, तथापि तो निदान हाक तरी मारतो. खरा धोका फट कमी होण्यात आहे, कारण तेव्हा आवाज मुळीच येत नाही. वर्षानुवर्षे आदळून झडप व तिची बैठक झिजतात, झडप आपल्या बैठकीत खोल रुतते, दांडा रॉकरकडे सरकतो आणि फट नाहीशी होते. मग झडप पुरती मिटतच नाही. धूर सोडणारी झडप भर चढणीवर तांबडीलाल होण्याइतकी तापते आणि तिची बरीचशी उष्णता मिटलेल्या स्थितीत बैठकीतूनच निघून जाते. ती टेकलीच नाही तर थंड कशी होणार? कडेच्या फटीतून जळता वायू निसटतो व झडपेची कडा जाळून टाकतो. गाडी गॅसवर चालत असेल, तर ही बैठक अधिक लवकर झिजते, म्हणून अशा गाडीचे टॅपेट अधिक वेळा तपासावेत.

घाटात दम कमी पडणे, उभ्या गाडीचे इंजिन लंगडत चालणे, गाडी तापल्यावर पुन्हा सुरू होताना कुरकुरणे, पेट्रोल जास्त लागणे, ही सारी त्याचीच लक्षणे असू शकतात. “आवाज नाही, म्हणजे इंजिन ठणठणीत आहे,” असे म्हणणारा गृहस्थ मला नेहमी कधीच तक्रार न करणाऱ्या आजीची आठवण करून देतो. तिचीही चौकशी फारशी कोणी करीत नाही.

काम तासा-दीड तासाचे आहे. परंतु इंजिन पूर्ण थंड हवे, म्हणून गाडी आदल्या रात्रीच मेस्त्रीकडे ठेवावी. गरम इंजिनावर घाईने टॅपेट लावून देणाऱ्याला नम्रपणे थांबवावे, कारण गरम व थंड इंजिनाची मापे वेगळी असतात. झाकण काढून, एकेका सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या वेळी वरच्या टोकास आणून, त्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असताना फीलर गेजची पट्टी घालावी. पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. स्क्रू धरून नट आवळल्यावर माप पुन्हा घ्यावे, कारण आवळताना ते हटकून बदलते. स्क्रूचे टोक झिजून खोलगट झाले असेल, तर पट्टी त्या खळग्यावरून सपाट जाते व खोटे माप दाखवते. चांगला मेस्त्री ते टोक आधी पाहतो.

झाकण निघालेच आहे, तर मालकाने स्वतः आत डोकावावे. काळा चिखल साचला असेल, तर ऑइल वेळेवर बदललेले नाही, मग विकणाऱ्याने काहीही सांगितलेले असो. ताकासारखा पांढरट थर सर्वत्र असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरत असावे. मात्र पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या टोपणाखाली थोडासा पांढरेपणा केवळ दमटपणानेही येतो. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला, हे कोणालाच सांगता येत नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. झाकणाचे गॅस्केट नवे घालावे. जुने पुन्हा बसवून चार पैसे वाचतात खरे, पण ऑइल झिरपून गरम नळीवर पडते व घरभर जळका वास घेऊन येते.

नव्या धर्तीच्या काही गाड्यांत टॅपेट ऑइलच्या दाबाने आपोआप जुळतात. तेथे हे काम नाही, पण ऑइल स्वच्छ हवे.

टॅपेट लावल्यावर किलोमीटरचा आकडा, तारीख व प्रत्येक झडपेची जुनी फट एका वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवावी. पुढच्या खेपेस तीच एक झडप पुन्हा घट्ट झालेली आढळली, तर स्क्रू ढिला करून भागवू नये. कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि ते कमी भरल्यास हेड उतरवून झडप व बैठक दुरुस्त करून घ्यावी. हे काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सांगावे, कारण सणाच्या तोंडावर लेथवाल्याकडे रांग लागते.