ओल एकीकडे, भोक भलतीकडे

भिंतीवर ओल जिथे दिसते, तिथेच पाणी शिरलेलं असतं असं नाही. एवढं मान्य केलं तरी मे महिन्यातला घरदुरुस्तीचा बराच खर्च वाचेल. पण मान्य करणं जड जातं, कारण डाग डोळ्यांसमोर असतो, हॉलमध्येच असतो, आणि पाहुणे नेमके त्याच्याच समोर बसतात. मग आपण डागावर तुटून पडतो. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वर भारीतला रंग मारायचा. जुलैच्या मध्यापर्यंत भिंत झकास दिसते. त्यानंतर तोच डाग पुन्हा उगवतो, नाहीतर हातभर पलीकडे नवा.

कौलारू घरात राहिलेल्यांना हा घोळ कळत नाही. तिथे पावसाआधी शाकारणी करायची म्हणजे माळ्यावर चढून आधी वर बघायचं. जिथून उन्हाचा कवडसा आत येतोय तिथलं कौल फुटलंय किंवा सरकलंय, ते बदलायचं, विषय संपला. स्लॅबच्या घरात ही सोय नाही. पाणी गच्चीवरच्या एखाद्या तडीतून शिरतं, वायरिंगच्या पाइपाच्या नाहीतर सळईच्या कडेकडेनं चालत राहतं आणि फावेल तिथे खाली उतरतं. पंख्याच्या हुकाभोवती ओल दिसली की लोक हुकाभोवतीच सिमेंट भरतात. हुक बिचारा निर्दोष असतो. (अशा ओलीजवळ वायर किंवा स्विच असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.)

म्हणून दुकानात जाण्याआधी थोडा तपास करावा. पहिला प्रश्न कॅलेंडरला विचारायचा. ओल बारा महिने राहते का? मग संशय पावसावर नाही, नळाच्या पाइपावर किंवा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरावर घ्या. घराला स्वतंत्र पाणीमीटर असेल तर सगळे नळ बंद करून मीटरकडे पाहत राहा. काटा तरीही सरकत असेल तर भिंतीआड कुठेतरी पाणी चाललंय. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकून ठेवा. फ्लश न करता अर्ध्या तासानं भांड्यात रंग उतरलेला दिसला तर टाकीचा वायसर गेलाय. हा खर्च अगदी किरकोळ असतो आणि नेमका तोच आपण वर्षानुवर्षं टाळतो.

दुसरी चाचणी मला फार आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा घ्यायचा, चारही कडा चिकटपट्टीनं ओल्या भिंतीवर घट्ट बसवायच्या आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर बसतोय. अशा वेळी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून काही उपयोग नाही. भिंतीला खेटून ठेवलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा, खोलीत वाळत घातलेले कपडे बाहेर न्या, न्हाणीघराचा पंखा दुरुस्त करा. बुरशी बरीच कमी होईल.

भिंतीवर पांढरी पूड दिसते, तो लोणा. तो ओल्या फडक्यानं पुसू नका. ते क्षार आहेत, पाण्यात विरघळून पुन्हा गिलाव्यात जातात आणि वाळले की परत बाहेर येतात. कोरड्या ब्रशनं झाडून काढा. मूळ पाणी थांबून भिंत खरोखर वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका.

आता गच्ची. मुंबईत पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. पण २०२५ साली तो २६ मे रोजीच आला आणि अनेक सोसायट्यांच्या गच्च्या अर्धवट उकरलेल्या स्थितीत भिजल्या. तेव्हा मृगाच्या भरवशावर राहू नये हे खरं. पण घाईनं गच्चीवर काहीतरी फासणं हा त्यावरचा उपाय नव्हे. गच्चीची कामं दोन, उतार आणि वाट. बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे रेंगाळतं ते पाहा. जिथे डबकं राहतं त्याच्या कडेनं खडूनं रेघ मारा. गवंड्याला तोंडी समजावण्यापेक्षा ही रेघ बरी. मग पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या तोंडावरची जाळी पाहा. निम्म्या गच्च्यांवर ती नसतेच, उरलेल्यांवर ती पानं, कबुतरांची पिसं आणि गेल्या संक्रांतीच्या मांज्यानं बुजलेली असते. जाळी साफ करणं याला वॉटरप्रूफिंग म्हणत नाहीत, म्हणून त्याचं कोटेशन कोणी देत नाही.

गच्चीवर पाणी भरून ठेवून गळती शोधण्याची पद्धत चांगली आहे, पण इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. एक इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला साधारण २५ किलोचा भार. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो दोन टनांच्या वर जातो. कठड्याच्या बारीक तडा मात्र घरच्या घरी भरता येतात. तड थोडी खरवडून रुंद करायची, ब्रशनं धूळ पूर्ण काढायची आणि मग तड भरण्यासाठी मिळणारा अ‍ॅक्रिलिक भरणा दाबून भरायचा. नुसतं सिमेंट कालवून भरलं तर ते वाळताना आकसतं आणि त्याच जागी नवी तड देतं. धुळीवर लावलेलं कुठलंही भारी रसायन धुळीलाच चिकटतं, गच्चीला नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून आणि बाहेरून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम आहे, न्हाणीघर-मोरीतली अंतर्गत गळती सभासदाची. सभेत हे शांतपणे सांगावं. शांतपणे सांगितलेलं कोणी ऐकत नाही हेही खरं, तेव्हा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या विषयाकडे येतो. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून इंच-दीड इंच आत, एक बारीक खाच असते. बांधणाऱ्यानं ती मुद्दाम ठेवलेली असते. पावसाचं पाणी कडेवरून उतरलं की छज्ज्याच्या पोटाला चिकटून आत भिंतीकडे सरकू पाहतं. खाच आली की त्याचा धागा तुटतो आणि थेंब खाली पडतो. पुढे इमारत रंगवायला निघते. रंगारी नीटनेटका माणूस असतो, त्याला ती खाच म्हणजे खोट वाटते. तो ती पुट्टीनं बुजवतो, वर दोन हात रंग देतो, आणि पुढच्या पावसात खिडकीच्या वरच्या भिंतीला ओल येते. मग सगळे खिडकीत सिलिकॉन भरतात! यंदा रंगकाम निघालं असेल तर एवढी एकच गोष्ट रंगाऱ्याला सांगा: खाच मोकळी ठेव. बुजलेली असेल तर गवंड्याकडून पुन्हा मारून घ्या.

सरकत्या खिडक्यांचंही असंच. खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात, झडीचं पाणी पट्टीत साचलं तर बाहेर जावं म्हणून. वर्षभराची धूळ आणि मुंग्यांची माती त्यात बसते. टाकाऊ टूथब्रश आणि खराट्याची काडी घ्या, भोकं मोकळी करा आणि पट्टीत ग्लासभर पाणी ओतून पाहा. पाणी बाहेर गेलं तर खिडकी ठीक आहे. आत आलं तर खिडकी बसवतानाच उतार उलटा राहिलाय, तिथे कारागीरच हवा. एसीच्या पाइपासाठी भिंतीत पाडलेलं भोकही पाहून घ्या. ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असावं आणि पाइपाभोवतीची फट बंद असावी. बरेचदा ती फट कागदाचा बोळा कोंबून बुजवलेली असते.

दरवाज्याबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात फुगलेला दरवाजा जुलैत रंधून घेऊ नका. डिसेंबरात त्याच्या फटीतून गार वारं येईल. तेवढ्यापुरती मेणबत्ती घासा. खरा उपाय मे महिन्यातला आहे. दरवाज्याची वरची आणि खालची जाडी बहुतेक ठिकाणी कोरीच राहिलेली असते, कारण ती कोणाला दिसत नाही, आणि लाकूड दमटपणा पितं ते तिथूनच. दरवाजा उतरवून त्या दोन कडांना रंग किंवा पॉलिश द्या. बिजागऱ्यांना मशीनचं तेल घाला. खोबरेल नको, ते कालांतरानं चिकट होऊन धूळ धरतं.

अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरू नये म्हणून ब्लीचिंग पावडर टाकतात, ते ठीक. पण त्यावर संडास धुण्याचं अ‍ॅसिड ओतू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीवावर बेततो. "दोन्ही घातलं की डबल साफ होतं" असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक सोसायटीत असतो.

कुंड्यांनाही पावसाळ्यात पहिली हवी पाण्याला वाट. बाल्कनीतली झाडं पावसात बहुधा उन्हाअभावी मरत नाहीत, पाणी तुंबून मुळं कुजल्यानं मरतात. कुंडीचं भोक उघडं आहे का ते खालून बोट घालून पाहा, कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. तळाशी खडीचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो असं सगळीकडे सांगतात. तसं होत नाही. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहजी उतरत नाही, ते मातीच्या खालच्या भागातच अडकून राहतं. खडीमुळे तो चिंब भाग फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे. निचरा हवा तर माती हलकी करा. त्यात पालापाचोळ्याचं खत मिसळा, थोडी जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा घाला. अडेनियम आणि निवडुंग सरळ छपराखाली न्या. जास्वंदाच्या फांद्या लावायला मात्र पावसाचे पहिले आठवडे उत्तम.

कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यापुरत्या काढून ठेवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. तेव्हा ताटली नुसती रिकामी करून भागत नाही, कडा घासून धुवावी लागते. आणि वजनाचा विचार करा. वीस लिटरची कुंडी ओल्या मातीनं भरली की तीस किलोच्या पुढे जाते. अशा दहा कुंड्या बाल्कनीच्या कठड्याशी ओळीनं मांडण्याऐवजी आतल्या भिंतीलगत ठेवलेल्या बऱ्या, आणि कठड्याच्या वर तर एकही नको.

पाइपाच्या सांध्यात नाहीतर कठड्याच्या भेगेत उगवलेला पिंपळ हे बऱ्याच घरांतलं नाजूक प्रकरण. तोडायला हात होत नाही, म्हणून दरवर्षी फक्त फांद्या छाटतात. मुळं आत जाड होत राहतात आणि भेग रुंदावत जाते. रोप चार पानांचं असताना, पहिल्या सरींनी सगळं भिजल्यावर, ते मुळासकट हळूच निघतं. तसं काढून कुंडीत लावा आणि मोकळी जागा मिळेल तिथे जमिनीत रुजवा, म्हणजे मनालाही टोचणी नाही. मूळ बोटाएवढं झालं असेल तर ओढू नका, गिलावा सोबत येईल. ते काम गवंड्यावर सोपवा आणि भेग लगेच बुजवून घ्या.

एवढं करूनही पाऊस कुठूनतरी आत येईलच. तेव्हा भर पावसात शिडी लावून डांबर ओतत बसू नका. ओलीच्या कडेनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या आठवड्यात डाग वाढला की नवी रेघ, नवी तारीख. पाऊस कुठल्या दिशेनं झोडपत होता तेही लिहून ठेवा. ओल दर वेळी नैर्ऋत्येच्या झडीनंतरच वाढत असेल तर दोष बहुधा गच्चीत नसून बाहेरच्या भिंतीत असतो, आणि नोव्हेंबरात परांची कुठे बांधायची हे त्यावरून ठरवता येतं.